१९२०, नागपूर : ठिपक्यांचा कल

दोघंही कलकत्त्याचे. नेल्सन अ‍ॅनंडेल चौरंगीवरच्या इंडियन म्युझियममध्ये बसत आणि प्रशांतचंद्र महालनोबिस कॉलेज स्ट्रीटच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. पण ज्या बोलण्यातून भारतीय संख्याशास्त्राची एक मोठी वाट निघाली ते बोलणं झालं नागपुरात, १९२०च्या जानेवारीत. इंडियन सायन्स काँग्रेसचं सातवं अधिवेशन त्या वर्षी मध्य प्रांताच्या या राजधानीत भरलं होतं. अध्यक्ष होते रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय. अ‍ॅनंडेल स्कॉटिश, वय चाळिशीच्या पुढे, चारच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. महालनोबिस सव्वीस वर्षांचे, आणि संख्याशास्त्र ही तेव्हा त्यांची हौस.

अ‍ॅनंडेलकडे मापं होती. कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन पुरुषांना उभं करून त्यांनी उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची उंची-रुंदी अशी मोजमापं वह्यांमध्ये भरून ठेवली होती. वह्या भरणं सोपं असतं, त्या वाचणं कठीण. या आकड्यांमधून काही निघतं का ते बघाल का, असं त्यांनी या तरुण प्राध्यापकाला विचारलं. महालनोबिस हो म्हणाले.

१९२० हे साल नागपूरकरांना आठवतं ते वेगळ्या कारणांनी. डिसेंबरात इथे राष्ट्रीय सभेचं अधिवेशन भरलं आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं. त्याआधी, मे महिन्याच्या अखेरीस, नागपूरच्या रणरणत्या उन्हात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानी राजर्षी शाहू महाराज होते आणि भीमराव आंबेडकर नावाचे तरुण अभ्यासक त्या परिषदेत होते. जानेवारीत वैज्ञानिक, मे महिन्यात बहिष्कृत, डिसेंबरात काँग्रेस : एकाच वर्षातल्या या तीन मेळाव्यांपैकी पहिल्या दोघांना जोडणारा एक धागा आहे आणि तो सहसा कोणी उचलून दाखवत नाही. माणसाचं शरीर मोजून त्याची जात ‘सिद्ध’ करता येते का, हा तो धागा. मला हा लेख लिहावासा वाटला तो त्यासाठीच.

आधी महालनोबिसांना ही हौस कुठून लागली ते सांगतो. १९१५ साली केंब्रिजचं शिक्षण संपवून ते परत निघाले होते. महायुद्ध चालू होतं, बोट लांबली. हातात मोकळा वेळ होता म्हणून किंग्ज कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसत. तिथे मॅकॉले नावाच्या शिक्षकांनी त्यांना ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड दाखवले. सजीवांची मापं घेऊन त्यांचं गणित मांडणारं हे नियतकालिक कार्ल पिअरसन चालवत. महालनोबिसांनी त्याचा संपूर्ण संच विकत घेतला आणि बोटीवर वाचत वाचत मायदेशी आले. अ‍ॅनंडेलच्या वह्या हाती आल्या तेव्हा हत्यारं त्यांच्याजवळ तयार होती.

या हत्यारांतलं सगळ्यांत धारदार म्हणजे सहसंबंध. त्याचा जन्मही शरीर मोजण्यातूनच झाला. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली २०५ आईबाप-जोड्या आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंचीचा तक्ता मांडला. आईबापांची उंची एका बाजूला, मुलांची दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या चौकटींत किती जण पडले त्यांचे आकडे. सारखे आकडे जोडत गेल्यावर त्यांना तिथे लंबवर्तुळं दिसली, तिरकी कललेली, एकात एक बसलेली. दोन वर्षांनी, १८८८ साली, त्यांनी ‘सहसंबंध’ हा शब्द मथळ्यात घेऊन निबंध वाचला. त्यातलं एक उदाहरण मराठी माणसाला चटकन कळावं असं आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, म्हणजे आपल्या आज्या कापड मोजायच्या तो ‘हात’. हा हात आणि उंची यांचा सहसंबंध गाल्टन यांना ०.८ इतका सापडला. पुढे पिअरसननी हा आकडा काढण्याची पक्की रीत बसवून दिली.

आज आपण याला स्कॅटर प्लॉट म्हणतो. आडव्या रेघेवर उंची, उभ्या रेघेवर हात, आणि प्रत्येक माणसाचा एक ठिपका. आलेख-कागदावर मूठभर ज्वारी तिरक्या हाताने टाकावी तसे ते दिसतात : डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेला पट्टा. पट्टा जितका अरुंद तितका आकडा १ च्या जवळ. ज्वारी गोल पसरली तर तो शून्याच्या आसपास. पट्टा उजवीकडे खाली उतरत गेला तर आकडा उणे, म्हणजे एक वाढतं तसं दुसरं घटतं. आकडा एवढंच सांगतो, पुढचं काही तो सांगत नाही. ठिपके असे का कलले, ठिपके कोणाचे, कोणते ठिपके कागदावर आलेच नाहीत, आणि रेघांवरचे अंक कोणी ठरवले, ही चौकशी पाहणाऱ्याने करायची असते.

ती चौकशी न करता काय होतं याचं आपल्या देशातलं सर्वांत दुखरं उदाहरण अ‍ॅनंडेलच्या वह्यांच्या तीस वर्षं आधी घडून गेलं होतं.

हर्बर्ट रिस्ले हे बंगालातले सनदी अधिकारी. १८८०च्या दशकात त्यांनी बंगाल, वायव्य प्रांत आणि पंजाब इथल्या हजारो माणसांची मापं घेववली. १८९१ साली ती छापली. सगळ्या मापांत त्यांचा जीव जडला तो नाकावर. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर : हा नासिका-निर्देशांक. सत्तरच्या खाली म्हणजे बारीक सरळ नाक, सत्तर ते पंच्याऐंशी मध्यम, त्यावर रुंद. रिस्लेंनी प्रत्येक जातीची सरासरी काढली, सरासऱ्यांची उतरंड लावली आणि ती त्यांना जातींच्या सामाजिक उतरंडीशी जुळताना दिसली. त्यांनी नियमच सांगून टाकला : जातीचं समाजातलं स्थान तिच्या नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतं. नाक जितकं रुंद तितकी जात खालची. त्यामागचं कारणही त्यांनी लगेच जोडलं. बाहेरून आलेले आर्य बारीक नाकाचे, इथले मूळचे रुंद नाकाचे, आणि जात म्हणजे या दोन वंशांच्या भेसळीचं मोजमाप.

१९०१च्या जनगणनेचे आयुक्त हेच रिस्ले. त्या जनगणनेत जाती सामाजिक दर्जानुसार लावायचा हुकूम निघाला आणि देशभर जातीजातींच्या सभा आमचा नंबर वर घ्या म्हणून अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. मध्य प्रांतातही वांशिक पाहणीचं खातं उघडलं आणि त्याचे प्रमुख झाले आर. व्ही. रसेल. रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने त्यांनी या प्रांतातल्या जातीजमातींचं चार खंडांचं मोठं पुस्तक सिद्ध केलं. ते १९१६ साली निघालं, पण रसेलना ते बघायला मिळालं नाही. १९१५च्या डिसेंबरात भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ ही बोट पाणतीराने बुडाली, तिच्यावर ते होते. म्हणजे अ‍ॅनंडेल आणि महालनोबिस नागपुरात भेटले तेव्हा या शहराच्या कचेऱ्यांमध्ये माणसांना जातीच्या कप्प्यांत मांडण्याचं काम ताजं होतं. शाई नुकती वाळलेली होती.

रिस्लेंच्या नियमाकडे जरा जवळून पाहू. त्यांनी स्वतः स्कॅटर प्लॉट काढला नव्हता, आपण काढू. आडव्या रेघेवर नासिका-निर्देशांक, उभ्या रेघेवर सामाजिक स्थान. प्रत्येक जातीला एक ठिपका.

आता हाती पातळ टोकांचा कंपास घ्या आणि एका माणसाचं नाक मोजा. समजा उंची ५० मिलिमीटर, रुंदी ३६. निर्देशांक ७२. नाकपुडीवर कंपास जरा हलका टेकला आणि रुंदी ३७ वाचली गेली, तर निर्देशांक ७४. नाकाचं मूळ कुठून धरायचं यात मोजणाऱ्याची एका मिलिमीटरने चूक झाली आणि उंची ४९ आली, तर तो साडेत्र्याहत्तर होतो. माणूस तोच, नाक तेच, फक्त मोजणाऱ्याची बोटं हलली. जातीजातींच्या सरासऱ्या रांगेत लावल्या की शेजारच्या दोन जातींत अनेकदा एवढंच अंतर असतं. त्यात मोजणाऱ्याला समोर बसलेल्याची जात आधी माहीत. तो खोटेपणा करील असं मी म्हणत नाही. पण बोट कुठे थोडं दाबलं जाईल आणि कुठे हलकं, यावर मनातल्या अपेक्षेचा भार पडतो. मोजमापाचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना हे ठाऊक असतं.

दुसरं असं की प्रत्येक ठिपका एक सरासरी आहे. ठिपका टाकला की त्या जातीतली शंभर वेगवेगळी नाकं नाहीशी होतात. आपल्या घरातच पाहा, दोन सख्ख्या भावांच्या नाकांत जेवढा फरक असतो तेवढा पुष्कळदा दोन जातींच्या सरासऱ्यांत नसतो. सरासऱ्यांचे ठिपके सुबक रांगेत उभे राहतात म्हणून माणसंही तशीच रांगेत उभी असतात असं कोणी मानलं, तर तो कागदावरची शिस्त गावावर लादतो आहे.

आणि सगळ्यांत मोठी अडचण उभ्या रेघेची. आडवी रेघ निदान कंपासाने मोजली. उभ्या रेघेवरचं ‘सामाजिक स्थान’ कशाने मोजलं? कोणाच्या हातचं पाणी कोण पितो, याबद्दलच्या अधिकाऱ्यांच्या आणि त्यांना माहिती पुरवणाऱ्यांच्या मतांनी. माहिती पुरवणारे बहुतेक उंच पायरीवरचेच. म्हणजे एका रेघेवर माप आणि दुसरीवर मत, आणि दोघांच्या जुळण्याला नाव दिलं निसर्गनियम. आपल्याकडे लग्न जुळवताना ‘नाकीडोळी नीटस’ म्हणण्याची पद्धत आहे, ती ऐकायला निरुपद्रवी वाटते. तीच आवड सरकारी तक्त्यात जाऊन बसली की ती लाखो माणसांच्या कपाळी लिहिली जाते.

महालनोबिस या सगळ्यात शिरले ते हळूहळू आणि शिस्तीने. नागपूरच्या बोलण्यानंतर दोन वर्षांनी, १९२२ साली, इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात त्यांचा पहिला मोठा निबंध आला, कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन पुरुषांच्या उंचीवर. फक्त उंची! इतर मापं पुढे घेऊ, असा त्यांचा खाक्या. १९२५ साली बनारसला सायन्स काँग्रेसच्या मानववंशशास्त्र विभागाचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. अ‍ॅनंडेलच्या माणसांची मापं रिस्लेंच्या जातवार मापांशी ताडून ही माणसं कोणाकोणाच्या जवळची आहेत ते पाहिलं. युरोपीय रक्तात मिसळलेलं रक्त मुख्यतः बंगाल आणि पंजाबातलं, वायव्य सरहद्दीचं किंवा छोटा नागपूरचं नाही (हे छोटा नागपूर म्हणजे झारखंडाकडचं पठार, आपल्या नागपूरशी गल्लत नको), आणि खालच्या म्हटलेल्या जातींपेक्षा वरच्या म्हटलेल्या जातींचं जास्त, असं त्यांना दिसलं. ज्यांनी अ‍ॅनंडेलच्या वह्या भरून घेतल्या ते स्वतः मात्र हे पाहायला राहिले नाहीत. १९२४ सालीच अ‍ॅनंडेल वारले.

‘जवळ’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण दोन जमाव एकमेकांच्या किती जवळ, हे एका आकड्यात सांगायचं कसं? पिअरसनच्या लंडनच्या प्रयोगशाळेत त्यासाठी वंशसाम्याचा एक गुणांक वापरत. महालनोबिसांना त्यात खोट दिसली. जास्त माणसं मोजली की तो गुणांक नुसत्या संख्येनेच फुगे. शिवाय तो प्रत्येक माप सुटं धरी, जणू उंचीचा हाताशी आणि डोक्याचा नाकाशी काही संबंध नाही. १९२६-२७च्या सुमारास महालनोबिस पिअरसनच्या प्रयोगशाळेत काही महिने होते. ज्यांची पुस्तकं बोटीवर वाचली त्यांच्यासमोर बसूनही त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. १९३० साली त्यांनी स्वतःचं अंतर मांडलं आणि १९३६ साली त्यात मापांमधले परस्परसंबंध धरून ते पुरं केलं. जगभर त्याला आज ‘महालनोबिस अंतर’ म्हणतात.

कल्पना अशी. दोन्ही हात पसरल्यावर एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जी लांबी होते तिला आपण वाव म्हणतो. विहिरीची खोली जुनी माणसं वावांतच सांगायची. समजा एका गावातल्या पुरुषांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटर आणि सरासरी वाव १६८. दोन पाहुणे आले. पहिल्याची उंची १७१, वाव १७४. दुसऱ्याची उंची १७१, पण वाव १६२. आलेखावर पट्टी ठेवली तर दोघांचे ठिपके गावाच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर, जवळजवळ साडेआठ सेंटिमीटर. पट्टी म्हणेल दोघे सारखेच परके. पण ठिपक्यांचा पट्टा पाहा. उंच माणसाची वावही मोठी असते, म्हणून गावाचे ठिपके वर चढत गेलेले आहेत. पहिला पाहुणा त्या पट्ट्यातच बसतो, गावातल्याच एखाद्या उंच माणसासारखा. दुसरा पट्ट्याच्या बाहेर, रिकाम्या जागेत उभा आहे. गाव त्याला लगेच वेगळा ओळखेल. महालनोबिसांचं अंतर गावाच्या नजरेने मोजतं : आधी ठिपक्यांचा कल बघतं, मग ठरवतं की कोण लांब आणि कोण जवळ. आणि उंची व वाव ही दोन्ही एकच गोष्ट बरीचशी पुन्हा सांगतात, म्हणून त्या दोघींना दोन स्वतंत्र साक्षीदार धरत नाही.

मधल्या काळात १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन झाली आणि १९३३ साली ‘संख्या’ हे तिचं नियतकालिक निघालं. त्याच्या पहिल्याच खंडात महालनोबिसांनी रिस्लेंची बंगालची मापं परत तपासून दुरुस्त केली. चाळीस वर्षं ज्यावर इमारती उभ्या राहिल्या तो पाया कोणीतरी खाली बसून एकेक वीट ठोकून बघावा, तसं ते काम आहे. त्याचा गाजावाजा झाला नाही. मला मात्र त्यांच्या सगळ्या कामात हे मोठं वाटतं.

आता महाराष्ट्रात येऊ.

गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे, १८९३ साली जन्मलेले, म्हणजे महालनोबिसांच्याच वयाचे. केंब्रिजहून परतल्यावर १९२४ पासून ते मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळत. १९३२ साली त्यांचं भारतातल्या जात आणि वंश यांवरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी फार साधी गोष्ट केली. सगळ्या देशाचे ठिपके एका कागदावर न टाकता प्रांतवार वेगळे केले. केल्याबरोबर चित्र बदललं. उत्तर हिंदुस्थानच्या मधल्या पट्ट्यात, संयुक्त प्रांतात, रिस्लेंची उतरंड बऱ्यापैकी दिसते हे त्यांनी कबूल केलं. पण तिथला ब्राह्मण मापांनी कोणाच्या जवळ होता? स्वतःच्या प्रांतातल्या जातींपैकी एक उच्च क्षत्रिय जात सोडली, तर पंजाबातला खत्री आणि तिथलाच सफाईकाम करणारा चुहडा हे त्याला सगळ्यांत जवळचे होते. म्हणजे ज्या प्रांतात नियम चालतो तिथेही, शेजारच्या प्रांतातले ठिपके जोडीला मांडले की, तो अडखळतो.

मुंबई इलाख्यात तर नियम टिकलाच नाही. घुर्ये यांची ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबून परत वाचली. देशस्थ ब्राह्मणाला मापांनी सगळ्यांत जवळचा निघाला सोनकोळी. चित्पावन ब्राह्मणाच्याही अलीकडे, समुद्रात जाळं टाकणारा कोळी. त्यानंतर एकाच पायरीवर दोघे, महार आणि कुणबी. मग शेणवी, मग नागर ब्राह्मण, मग उच्चकुलीन मराठा. आपल्या गावगाड्यात ज्यांची घरं सर्वांत लांब ठेवली होती, ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला, तो महार देशस्थाच्या मापांना शेणव्यापेक्षा जवळचा. सामाजिक पायरी आणि शरीराची ठेवण यांचा मेळ या प्रदेशात नाही, असा घुर्ये यांचा निष्कर्ष होता. आलेखाच्या भाषेत, इथे ज्वारी गोल सांडली होती.

घुर्ये यांच्या इतर पुष्कळ मतांशी माझं जमत नाही. पण ही यादी त्यांनी छापली, हे मोठं काम झालं.

त्याच पिढीतल्या इरावती कर्व्यांचाही उल्लेख इथे हवा. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे शिकायला गेल्या. गोऱ्या माणसाच्या कवटीची एक बाजू जास्त वाढलेली असते आणि बुद्धीचं श्रेष्ठत्व त्यात आहे, असं फिशर यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशावर अवलंबून असलेला असा काही फरक आढळत नाही, असं आपल्या प्रबंधात लिहिलं. गुरूच्या तोंडावर आणि बर्लिनमध्ये! पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींची मापं घेतली आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह १९५१ साली ती प्रसिद्ध केली. एकाच नावाखाली, एकाच धंद्याखाली किंवा एकाच दर्जाखाली गणले जाणारे गट शरीराने एकमेकांचे भाऊबंद असतातच असं नाही, हे त्या पुढे आयुष्यभर मांडत राहिल्या.

कर्वे-दांडेकरांची मापं प्रसिद्ध होण्याच्या तीन वर्षं आधी, १९४८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं अस्पृश्यांच्या मूळ शोधावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. अस्पृश्यता वंशभेदातून आली का, या प्रश्नाला त्यांनी त्यात एक प्रकरण दिलं आहे. रिस्ले वंशभेदाच्या बाजूचे सर्वांत मोठे साक्षीदार, म्हणून आंबेडकरांनी त्यांच्याच पंथाच्या मापांना उलटतपासणीला उभं केलं. घुर्ये यांचे निष्कर्ष त्यांनी तपशिलाने घेतले : संयुक्त प्रांताचा ब्राह्मण आणि पंजाबचा चुहडा, देशस्थ आणि सोनकोळी, मग महार आणि कुणबी. नासिका-निर्देशांकांचा तक्ता दिला. आणि म्हणाले की या मापांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. वंशाचा सिद्धांत खोट्या पायावर उभा आहे. बॅरिस्टर माणूस, प्रतिपक्षाच्याच कागदपत्रांवरून खटला जिंकला.

पण त्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्या वाक्याच्या सुरुवातीचा ‘जर’. मानवमिती हे वंश ठरवण्याइतकं भरवशाचं शास्त्र असेल तर, असं म्हणून ते निष्कर्षाला हात घालतात. निकाल त्यांच्या बाजूने लागत असतानाही ते मोजपट्टीला डोळे मिटून शरण गेले नाहीत. नाकाच्या निर्देशांकाने माणूस खालचा ठरत नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी तो निर्देशांक वापरला, आणि आपली माणसं कोण आहेत हे सांगण्यासाठी त्यावर विसंबले नाहीत. आलेख वाचण्याची एवढी सावध रीत त्या काळच्या थोड्याच व्यावसायिक मानववंशशास्त्रज्ञांत दिसते.

आंबेडकरांचा नागपूरशी संबंध १९२०च्या परिषदेनंतर तुटला नाही. १९४२च्या जुलैत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची मुहूर्तमेढ इथेच रोवली गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, त्यांनी इथे बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखो माणसांना दिला. त्या मैदानाला आता दीक्षाभूमी म्हणतात. आजही भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागीय केंद्र याच शहरात आहे, आणि २०२३च्या जानेवारीत सायन्स काँग्रेसचं १०८वं अधिवेशन नागपूर विद्यापीठात झालं तेव्हा महालनोबिसांच्या नावाचं ते अंतर जगभरच्या संगणकांत दिवसरात्र मोजलं जात होतं, फसवे व्यवहार पकडायला आणि यंत्रातला बिघाड हेरायला.

१५ ऑक्टोबरला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरकरांसमोर मोठं भाषण केलं. हेच शहर का निवडलं, असं लोक विचारत होते, त्याचं उत्तर त्यांना द्यायचं होतं. ते बोलले नाग लोकांबद्दल, त्यांनी बौद्ध धम्म भारतभर पसरवला त्याबद्दल, त्यांच्या छळाबद्दल, आणि शहरातून वाहणाऱ्या नाग नदीबद्दल, जिच्या नावात त्या लोकांचं नाव राहिलं आहे.